वय : दिसण्यावरून अंदाजे

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण ज्यानं काढली त्याला परभणीत सरकारी नोकरी लागलेली नसावी. लागली असती तर रुजू होण्यापूर्वी ‘मेडिकल’ नावाचं जे प्रकरण असतं त्यातून तो गेला असता, आणि मग यमक जुळवण्याइतकं त्राण त्याच्यात उरलं नसतं.

माझं मेडिकल १९७४ साली झालं. बहात्तरच्या दुष्काळातून आमचं घर नुकतंच कुठं डोकं वर काढत होतं. शेतात माती तेवढी शिल्लक होती, आणि घरातली सोन्याची एकुलती एक वस्तू गहाण होती. अशात एका कचेरीतून माझ्या नावानं कागद आला. कनिष्ठ लिपिक या जागेसाठी माझी निवड झाली होती. आईनं लगेच पोखर्णीच्या नरसिंहाला नारळ बोलला. वडिलांनी मात्र चष्मा लावून कागद शेवटपर्यंत वाचला, आणि तिथंच घोटाळा झाला. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, ‘वैद्यकीयदृष्ट्या पात्र ठरल्यास’.

“ठरल्यास म्हणजे?” आईनं विचारलं.

“म्हणजे नारळ अजून फोडायचा नाही,” वडील म्हणाले.

त्या दिवसापासून मी घरातला मुलगा राहिलो नाही, बाजाराला न्यायचा बैल झालो. येणारा-जाणारा माझ्या दंडाला हात लावून बघू लागला. वजन कमी भरेल म्हणून कुणी रोज सहा केळी सांगितली, तर केळ्यांनी कफ होतो आणि छातीत वाजतं म्हणून दुसऱ्यानं ती बंद केली. छाती फुगवायचा सराव मी माडीवर करत होतो. शेजारच्या काकूंनी ते पाहिलं आणि मला दमा असल्याची बातमी पेठेत पसरवली.

खरा सल्लागार होता आमचा मामा. तो माझ्यापेक्षा चारच वर्षांनी मोठा, पण मेडिकलच्या बाबतीत गावातला सगळ्यात अनुभवी माणूस. कारण तो एकदा नापास झाला होता. आपल्याकडं परीक्षेत पास झालेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. नापास झालेल्याचं मार्गदर्शन सगळे घेतात. त्याची हकीकत पुढं येईलच.

मामा म्हणाला, “घाबरायलास कामून? समदा खेळ डोळ्याचा हाय. तक्ता पाठ कर.”

डोळ्यांच्या डॉक्टरकडं भिंतीवर उतरत्या अक्षरांचा जो तक्ता असतो, तो हेर्मान स्नेलेन नावाच्या डच डॉक्टरनं १८६२ साली युट्रेक्ट गावी तयार केला. त्या भल्या माणसानं जगातल्या सगळ्या डोळ्यांना एकच गज लावला. सहा मीटरवरून जे अक्षर धडधाकट डोळ्याला वाचता येतं ते तुम्हालाही आलं, तर तुमची नजर सहा बाय सहा. धडधाकट माणूस जे नऊ मीटरवरून वाचतो त्यासाठी तुम्हाला सहावर यावं लागलं, तर सहा बाय नऊ. हे मला फार पुढं कळलं. त्या वेळी माझी समजूत अशी, की हे मार्क आहेत. सहापैकी सहा म्हणजे पैकीच्या पैकी, आणि नऊपैकी सहा म्हणजे सहासष्ट टक्के, तरीही फर्स्ट क्लास!

मामानं कुठून तरी इंग्रजी तक्ता उतरवून आणला. तो मी रामरक्षेसारखा पाठ केला. वरून खाली, खालून वर, एक डोळा झाकून, दोन्ही डोळे झाकून.

मेडिकलच्या दिवशी सकाळी सातला मी बाकावर जाऊन बसलो. दवाखान्याचं नाव सांगत नाही. सगळे दवाखाने बाकावरून सारखेच दिसतात. डॉक्टर साडेदहाला आले. वजन झालं, उंची झाली. छाती मोजताना टेप धरणारा कंपाउंडर म्हणाला, “फुगवा.” मी म्हणालो, “फुगवलीये.” त्यानं माझ्याकडं एकदा करुणेनं पाहिलं आणि मनानंच आकडा टाकला. मग डॉक्टरांनी थंडगार स्टेथॉस्कोप लावला. हे यंत्र १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरनं शोधलं. एका स्थूल तरुणीच्या छातीला कान लावायचा त्याला संकोच वाटला, म्हणून त्यानं कागदाची सुरळी केली. संकोचातून इतकी उपयोगी वस्तू जगात दुसरी निघालेली नाही. त्यानंतर काही परीक्षा अशा झाल्या की ज्यांत लेनेकचा संकोच कामी येत नाही. डॉक्टर म्हणाले, “खोका.” मी खोकलो. तो खोकला कशासाठी होता ते जाणकारांना माहीत आहे. बाकीच्यांनी विचारू नये.

शेवटी डोळे. मी खुर्चीवर बसलो, डावा डोळा झाकला आणि डॉक्टरांनी काठी उचलायच्या आतच सुरू केलं, “ई, एफ, पी, टी, ओ, झेड...”

डॉक्टरांनी मला पूर्ण म्हणू दिलं. मग शांतपणे म्हणाले, “पाठांतर छान आहे. पण तक्ता मराठीत आहे.”

मी डोळा उघडून पाहिलं. होता खरा मराठीत! आणि गंमत म्हणजे मला तो शेवटच्या ओळीपर्यंत नीट दिसत होता. ज्याची नजर शाबूत आहे त्यानं भीतीपोटी आंधळ्याची तयारी केली होती. पुढं बत्तीस वर्षं नोकरीत मी हेच करत आलो, ही गोष्ट वेगळी.

दाखला हातात पडला तो इंग्रजीत होता. त्या नमुन्याची भाषा इंग्रजी अमदानीतली आहे आणि माझ्या मते ती फार थोर आहे. डॉक्टर त्यात ‘हा माणूस निरोगी आहे’ असं कधीच लिहीत नाही. तो एवढंच म्हणतो, की या इसमात काही रोग, अशक्तपणा किंवा व्यंग असल्याचं मला शोधून सापडलं नाही. म्हणजे असेलही; मला सापडलं नाही! त्याच्याखाली आणखी एक रत्न असतं. उमेदवाराचं वय त्याच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे इतकं, आणि दिसण्यावरून अंदाजे इतकं.

माझ्या सांगण्याप्रमाणे वय होतं तेवीस. दिसण्यावरून डॉक्टरांनी लिहिलं होतं तीस.

मी दाखला घरी आणला. वडिलांनी मराठी करून सांगितलं. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मधली सात वर्षं दुष्काळानं खाल्ली.” आणि नारळ घेऊन उठली.

हा दिसण्यावरून वय ठरवायचा उद्योग मला पुष्कळ दिवस अपमानाचा वाटे. पण पुढं नोकरीत आस्थापना शाखेचं टेबल मिळालं, शेकडो सेवापुस्तकं हाताखालून गेली, आणि लक्षात आलं की आमच्या भागात निम्मी माणसं १ जूनला जन्मलेली आहेत. मराठवाड्याच्या समस्त मातांनी एकच मुहूर्त साधला असं नव्हे. पोराला शाळेत घालायला बाप आला, जन्मतारीख विचारली, तो म्हणाला, “मोठा पूर आल्ता त्या साली.” मास्तरांनी १ जून टाकली आणि पोराला पहिलीत बसवलं. अशा मुलखात सरकारनं उमेदवाराच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा की त्याच्या तोंडाकडं बघायचं? सरकारनं दोन्ही केलं, आणि दोन्ही आकडे लिहून ठेवले.

मी जरा वाचू लागलो, तेव्हा कळलं की तोंडाकडं बघून वय ठरवायची ही रीत आमच्यासाठी निघालेली नव्हतीच. ती निघाली इंग्लंडातल्या पोरांसाठी. तिथं कापडगिरण्यांत लहान मुलं कामाला जुंपत. १८३३ च्या कारखाना कायद्यानं नऊ वर्षांच्या आतल्या मुलांना गिरण्यांत मनाई केली. पण मूल नऊचं आहे हे सांगणार कोण? जन्माची सरकारी नोंद तिथंही नव्हती. आईबापांना पगार हवा, मालकाला पोर हवं. दोघंही नऊच सांगणार. म्हणून डॉक्टरनं पोराकडं पाहायचं आणि नऊ वर्षांच्या सर्वसाधारण मुलाइतकी याची ताकद आणि चेहरामोहरा आहे, असा दाखला द्यायचा. १८३७ मध्ये एडविन साँडर्स नावाच्या दंतवैद्यानं तर पुस्तिकाच काढली, की चेहऱ्यापेक्षा दात पाहा. दात खोटं बोलत नाहीत. आपल्याकडं बैलाचे दात बघून सौदा होतो, याचं साहेबाला हसू येत असे. साहेबानं घरी पोरांचे दात बघितले होते!

आपल्या देशात हा कायदा यायला १८८१ साल उजाडलं. मुंबईच्या गिरण्यांत सात वर्षांच्या आतलं मूल घेऊ नये, एवढं त्यात होतं. म्हणजे आठ वर्षांचं चालत होतं. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, अर्ज केले; १८९१ मध्ये सातचे नऊ झाले. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाना कायदा झाला. त्यात चौदाच्या आतल्या मुलांना बंदी आली, आणि त्यावरच्या किशोरांसाठी प्रमाणक शल्यचिकित्सक, तंदुरुस्तीचा दाखला आणि अंगावर बाळगायचा बिल्ला आला.

हे सगळं वाचल्यावर मी माझा दाखला पेटीतून काढून पुन्हा पाहिला. ज्या तपासणीनं मला घाम फोडला, ती मुळात कामापासून माणसाला वाचवण्यासाठी होती. इटलीतल्या रामाझ्झिनी नावाच्या वैद्यानं १७०० सालीच लिहून ठेवलं होतं, की रोग्याला बाकी सगळं विचारता तसं ‘तू काम काय करतोस?’ हेही विचारा. काम माणसाला झेपतंय का, हा त्याचा प्रश्न. पुढं कचेऱ्यांनी तो उलटा केला, माणूस कामाला परवडतोय का. शब्द तेवढेच आहेत, फक्त जागा बदलल्यात. पण तेवढ्यानं बाकावरचा माणूस रोग्याचा आरोपी होतो.

एकदा आरोपी केला की मग काय वाटेल ते विचारता येतं. इंडियन सिव्हिल सर्व्हिसला घोडा विचारत. अरविंद घोष १८९० साली त्या परीक्षेत उत्तीर्ण झाले, लॅटिन, ग्रीक सगळं झालं, आणि १८९२ मध्ये घोड्यावर बसण्याच्या परीक्षेत गेले. पुढच्या वर्षी ते बडोद्याला सयाजीरावांच्या नोकरीत आले. इंग्रजांचं पुढं त्यांनी जे केलं ते पाहता, तो घोडा इंग्रजांना फार महाग पडला.

बायकांना तर घोड्यापेक्षा अवघड प्रश्न होते. आमच्या घरातून १९७८ साली नोकरीसाठी एक छापील कागद भरला गेला. त्यात पाळी केव्हा आली, दिवस आहेत का, मागं काही झालं होतं का, असे रकाने. सौ.नी तो भरला, पण त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातून भांड्यांचा जो आवाज आला तो मला अजून ऐकू येतो. “असलं मला माझ्या सासूनंसुद्धा विचारलं नाही,” ती म्हणाली. मी तिला म्हणालो, नियम आहे. नियम आहे म्हटलं की मला बरं वाटतं. तिला वाटलं नाही. १९९१ साली नीरा माथुर नावाच्या बाईंचा खटला सर्वोच्च न्यायालयात निघाला. असल्याच रकान्यांवरून आयुर्विमा महामंडळानं त्यांना परिवीक्षेत असताना काढलं होतं. न्यायालयानं त्यांना परत घ्यायला लावलं आणि ते लाजिरवाणे रकाने फॉर्ममधून काढा म्हणून सांगितलं. सौ.नी ती बातमी वाचली, घडी घातली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली. बोलली काहीच नाही. तेरा वर्षं तिनं उत्तर राखून ठेवलं होतं!

१९९७ मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयानंही एक सरळ गोष्ट सांगितली. एका हंगामी कामगाराला एचआयव्हीची लागण निघाली म्हणून एका सरकारी कंपनीनं कामावरून दूर ठेवलं. न्यायालय म्हणालं, तो काम करू शकतो का, आणि त्याच्यापासून इतरांना खरोखर धोका आहे का, एवढंच बघा. नुसता रोग आहे म्हणून माणसाची भाकरी काढता येणार नाही. २०१७ च्या कायद्यानं तर नोकरीसाठी ही तपासणी सक्तीची करायलाच बंदी घातली. रामाझ्झिनीचा प्रश्न तीनशे वर्षांनी पुन्हा सरळ झाला.

तुम्ही म्हणाल, मग मेडिकल नकोच का? तर त्यासाठी मामाची गोष्ट सांगितली पाहिजे.

मामा पूर्णेचा. पूर्णा म्हणजे त्या काळी इंजिनांचं गाव. निजामाच्या रेल्वेचा मीटरगेज रूळ, मोठं लोकोशेड, आणि घराघरात कोळशाचा वास. पोरांना वाघापेक्षा ड्रायव्हर मोठा वाटे. मामानं लहानपणीच ठरवलं होतं, क्लीनर म्हणून लागायचं, फायरमन व्हायचं, मग ड्रायव्हर. १९६८ साली त्याला बोलावणं आलं. वजन, छाती, नजर सगळं सहा बाय सहा. शेवटी डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक उघडलं.

हे पुस्तक शिनोबू इशिहारा या जपानी डॉक्टरचं, १९१७ सालचं. रंगीत ठिपक्यांत आकडा लपलेला असतो. पहिल्या पानावर बारा. तो सगळ्यांना दिसतो, माणसाला धीर यावा म्हणून. दुसऱ्या पानावर आठ. मामा म्हणाला, तीन. जिथं एकोणतीस तिथं सत्तर म्हणाला, जिथं चौऱ्याहत्तर तिथं एकवीस. डॉक्टरांनी पुस्तक मिटलं. लाल आणि हिरवा यांतला फरक मामाला पुरता कळत नव्हता, आणि वीस वर्षांत ही गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती. आजी तेवढी म्हणायची, “मिरच्या तोडायला याला धाडू नका, हिरव्याच आणतंय.”

मामा डॉक्टरांशी पुष्कळ भांडला. दिवसा सिग्नलचा हात वर की खाली ते दिसतं, रंग कशाला पाहिजे? डॉक्टर म्हणाले, रात्री हात दिसत नाही, दिवा दिसतो. मामा म्हणाला, मग मला दिवसाचीच ड्युटी द्या!

रेल्वेनं हा धडा लांबून घेतलेला आहे. १८७५ साली स्वीडनमध्ये लागरलुंडा इथं दोन गाड्या समोरासमोर आदळल्या, नऊ माणसं गेली. फ्रिथ्योफ होल्मग्रेन नावाच्या प्राध्यापकाला वाटलं, कुणाला तरी दिव्याचा रंग कळला नसणार. त्यानं लोकरीच्या रंगीबेरंगी लडी घेतल्या आणि एका रेल्वेच्या २६६ नोकरांपुढं ठेवल्या. सारख्या रंगाच्या निवडा म्हणाला. तेरा जण चुकले. तेव्हापासून जगभरच्या रेल्वेत ही तपासणी आली. अलीकडं अभ्यासकांनी कागद उकरून असं दाखवलंय, की त्या अपघाताचं कारण रंगांधळेपणा होतं याला भक्कम पुरावा नाही. म्हणजे तर्क कच्चा होता, पण नियम पक्का निघाला. सरकारात बहुधा उलटं होतं.

या दोषावर पहिला नीट निबंध लिहिणारा जॉन डाल्टन, तोच अणूवाला, स्वतःच रंगांधळा होता. १७९४ साली त्यानं मांडलं, की आपल्या डोळ्यातलं पाणी निळं असावं. मेल्यावर डोळा काढून बघा. १८४४ मध्ये तो वारल्यावर बघितलं, तर पाणी स्वच्छ. डोळे मात्र जपून ठेवले गेले, आणि १९९५ साली त्यांतल्या अंशावरून दोष नेमका कोणता ते ठरलं. मेल्यावर मेडिकल, आणि निकाल दीडशे वर्षांनी. आमची कचेरीसुद्धा इतका वेळ लावत नसे.

मामा पुढं रेल्वेतच कारकून झाला, जिथं रंग लागत नाही अशा टेबलावर. चाळीस वर्षं त्यानं इंजिनाचा आवाज खिडकीतून ऐकला. त्या डॉक्टरला त्यानं पहिली दहा वर्षं शिव्या दिल्या. एकदा रात्री फलाटावर आम्ही उभे होतो. गाडी सुटत होती, डब्यांतून दिवे, बायका, झोपलेली पोरं. मामा लांबच्या सिग्नलकडं बघत म्हणाला, “मला बी दिसतोय दिवा. पर त्यो काय म्हणतोय ते कळंना. एवढी माणसं मागं बसवून कसं नेणार, सांग.” त्यानंतर मी त्याच्या तोंडून डॉक्टरचं नाव ऐकलं नाही.

या दोषाची वाट मोठी विचित्र आहे. बापाकडून तो लेकीकडं जातो. लेकीला सहसा काही होत नाही. ती नुसती सांभाळते, आणि तिच्या मुलाच्या ओंजळीत निम्म्या शक्यतेनं टाकते. मामाला मुलगी एकच, आणि तिला मुलगा एकच. गेल्या वर्षी त्या पोराची सहायक लोको पायलट म्हणून निवड झाली. डिझेल, वीज, काय म्हणाल ते. मामाच्या लेखी तो ड्रायव्हरच. पुढं मेडिकल. पोराला फोनवर तपासून बघ म्हणालो, तर मामानं हात धरला. “नको. खऱ्या डॉक्टरलाच बघू दे.”

त्या दिवशी मी मामाकडं बसून होतो. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस सकाळपासून चार वेळा दाढीवरून हात फिरवत होता. संध्याकाळी पोराचा फोन आला. मामेबहिणीनं तो मामाच्या कानाला लावला. पास का नापास हे मामानं विचारलंच नाही. तो म्हणाला,

“पहिल्या पानावर बारा. दुसऱ्या पानावर किती व्हते?”

पलीकडून काहीतरी उत्तर आलं. मामानं फोन खाली ठेवला आणि बराच वेळ अंगणातल्या मिरचीच्या झाडाकडं बघत बसला.

“आठ म्हणतंय,” तो म्हणाला. “आठ असतंय व्हय तिथं!”

मी त्याच्याकडं पाहिलं. स्वतःच्या सांगण्याप्रमाणे वय सत्त्याहत्तर. दिसण्यावरून अंदाजे वीस.